चार खटक्यांचे डबे

नलूला दुपारी झोपायची सवय नाही. झोपणाऱ्यांचा तिला रागच येतो, आणि थोडा हेवाही वाटतो. पण आज जेवणं उरकून, ओटा पुसून ती स्वयंपाकघरातच फरशीवर चटई टाकते आणि पाच मिनिटं फक्त पाठ टेकायची, असं स्वतःला बजावून आडवी होते. घरात कोणी नाही. नवरा बाजार समितीत गेलाय, तो दिवे लागल्याशिवाय यायचा नाही. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजलेत. पाच वाजता वर्ध्याची बस परतवाड्याच्या स्टँडवर लागेल आणि तिच्यातून मोनाली उतरेल. म्हणजे हातात अडीच तास आहेत, आणि तेवढ्यात एक बरणी फोडायची आहे.

बरणी फोडायला काही अडीच तास लागत नाहीत. लोणच्याची चिनीमातीची बरणी, खाली पांढरी, गळ्याशी तपकिरी, उंचीनं पार गुडघ्याएवढी. वरवंट्याचा एक घाव बसला की संपलं. सकाळीच नलूनं ती गव्हाच्या कोठीमागून ओढत मोरीच्या कडेला आणून ठेवलीय. शेजारी वरवंटाही आहे. पण दर वेळी वरवंटा उचलला की तिला दुसरंच काहीतरी काम आठवतं. एकदा दूध वर आलं, एकदा कुलूप पाहून आली, एकदा तर ती उगाचच तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालून आली.

मोनाली ही तिच्या थोरल्या जावेची, पंचफुलाबाईंची एकुलती एक लेक. पंचफुलाबाई श्रावणात गेल्या. अठ्ठावीस वर्षं दोघी जावा या एकाच स्वयंपाकघरात वावरल्या, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत लोणच्याला बाईंनी नलूला हात म्हणून लावू दिला नाही. कैऱ्या आणायच्या, धुवायच्या, पुसायच्या, विळीवर फोडायच्या, ते सगळं नलूनं. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, मीठ, तिखट कालवायचं आणि वर कढवून गार केलेलं तेल ओतायचं ते बाईंनी. तेल फोडींच्या वर चार बोटं. मग तोंडाला दादरा, म्हणजे जुन्या लुगड्याचं धुवट फडकं बांधायचं, आणि पुन्हा बरणी उघडायची तीही बाईंनीच. तळाशी उरलेलं लोणचं तर त्या कोपरापर्यंत हात घालून काढत. नलूनं एकदा पळी पुढे केली होती, तेव्हा बाईंनी अशी नजर टाकली की पळी आपोआप मागे गेली.

गेल्या जूनमध्ये बाईंनी घातलेलं लोणचं ते शेवटचं. मोनालीला आता पाचवा महिना लागलाय. परवा फोनवर ती म्हणाली, "काकू, मले काईच गोड लागत नाई. आईच्या हातचं लोनचं ठेवलं हाय ना? मी त्याच्यासाठीच येऊन राह्यली." आणि नलू म्हणाली, "हाव, हाय ना." दुसरं काय म्हणणार होती ती?

लोणचं नासलंय. ते बरणीत नाहीच. ते ओट्यावर चार डब्यांत आहे. गोल, पारदर्शक, चार बाजूंनी खटके असलेले, झाकणात रबराची रिंग बसवलेले डबे. तेरवी झाली आणि चौथ्याच दिवशी नलू बाजारात जाऊन ते घेऊन आली. बाईंच्या हातचं हे शेवटचं, फडक्याच्या भरवशावर कसं सोडायचं, असं तिला वाटलं होतं. डबे कढत पाण्यानं धुतले, गच्चीवर दोन तास उन्हात ठेवले, कोऱ्या पंचानं पुसले. नव्या झाकणाला ओशटपणा नको म्हणून एकेक फोड पळीत निथळून भरली. चारी खटके टकटक लावले तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं! आणि आठ दिवसांपूर्वी डब्याच्या भिंतीतून आत पांढरं दिसलं, कापसासारखं. आधी एका डब्यात, मग दुसऱ्यात. चारांपैकी एकही डबा तिनं अजून उघडलेला नाही. उघडला की खरं होईल.

म्हणून मांजर. मांजरीनं बरणी पाडली, फुटली, सगळं वाया गेलं. मोनाली रडेल, पण काकूला बोल लावणार नाही. फक्त बरणी फुटलेली हवी.

नलू कूस बदलते. फरशी गार आहे. वरच्या पंख्याचा एकच आवाज, घर्र, घर्र, आणि प्रत्येक फेऱ्याला मध्येच एक टक्. इतक्या वर्षांत हा टक् तिनं कधी ऐकला नव्हता. टक्. ती डोळे मिटते. टक्. टक्. पंखा एकदाच वाजायला हवा, हा चार वेळा वाजतोय.

टक्. टक्. टक्. टक्.

कोणीतरी डबा उघडतंय.

"एवढं आवळून ठेवाले काय सोनं भरलं हाय यात?"

पंचफुलाबाई ओट्यापाशी पाटावर बसल्यात. पदर कमरेला खोचलेला. केस नलू लग्न होऊन या घरात आली तेव्हा होते तसे काळेभोर, आणि मनगटाला मात्र दवाखान्यातली नावाची पट्टी, अजून काढलेली नाही. नलूला आश्चर्य वाटत नाही. तिला फक्त एकाच गोष्टीची धास्ती आहे, की ते चार डबे बाईंना दिसू नयेत. ती उठते आणि ओट्याला पाठ लावून उभी राहते, पदर दोन्ही हातांनी पसरून.

"बाई, चहा ठेवू?"

"सरक."

"तुमी बसा ना. मी साखर काढते."

"साखर कोनत्या डब्यात हाय, ते तरी मालूम हाय का तुले?"

आणि खरंच नलूला माहीत नाही. फळीवर डबेच डबे आहेत. बाई एकेक उतरवतात, झाकण काढतात, नाक घालून वास घेतात, आणि झाकण जमिनीवर ठेवतात. शेवया. वाळवलेल्या सांडया. मुंगवड्या. तुरीची डाळ. जमिनीवर झाकणं साचत जातात आणि नलू ती उचलून जागच्या जागी बसवू पाहते, पण एकही झाकण एकाही डब्याला बसत नाही. गोल डब्याला चौकोनी झाकण हातात येतं. मोठ्याला लहान. ती घाईघाईनं दाबते, ते दुसऱ्या बाजूनं उचललं जातं.

"शेवयाले हा डबा चांगला हाय," बाई म्हणतात. "कुरकुरीत राह्यल्या. मी काई नावं नाई ठेवत."

"हाव ना बाई?" नलू इतकी आशेनं विचारते की तिची तिलाच लाज वाटते.

"अन् हे जिरं? भाजून गरमच भरलंस ना? पाह्य, झाकनाले घाम सुटला." बाई झाकण उलटं करून दाखवतात. आतून थेंब धरलेले. "लावाची एवढी कायची घाई असते वं तुले? पदार्थ गार होऊ देत जाय. मानूस बी जरा गार झालं मंग बोलावं."

"बाई, लवकर करा. मोनाली येऊन राह्यली."

"मालूम हाय मले."

"पाच वाजता."

"मालूम हाय म्हनलं ना."

फळी संपत नाही. ती भिंतीच्याही पलीकडे गेलीय, आणि भिंत संपून तिथे भांड्यांचं दुकान सुरू झालंय, तेच, जिथून नलूनं डबे आणले होते. वर टांगलेल्या बादल्या, पिंपं, खाली काचेच्या बरण्या. दुकानदार डबा पाण्यानं भरतो, खटके लावतो आणि नलूच्या डोक्यावर उलटा धरतो. त्या दिवशी त्यानं अस्संच केलं होतं, फक्त काउंटरवर.

"पाहा ताई. एक थेंब पडला तर फुकट घेऊन जा."

थेंब पडत नाही. त्या दिवशी नलूला याच गोष्टीची भूल पडली होती. तिथे काचेची बरणी होती, स्टीलचा दाबून बसणारा डबा होता, पण हा उलटा धरला तरी गळत नव्हता. बाईंचं लोणचं कुठेही जाणार नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता ती मान वर करून पाहते तर डब्यातलं पाणी काळपट दिसतंय आणि त्यात काहीतरी हलतंय.

पंचफुलाबाई पुढे होतात. "अन् दादा, आत राह्यला जो थेंब, तो कोनत्या वाटेनं बाहेर येते?"

दुकानदार हसतो. त्याच्या गळ्यात आता चामडी पिशवी आहे आणि हातात तिकिटांचं मशीन. "वर्धा-परतवाडा, वर्धा-परतवाडा," तो ओरडतो, "चला, आत सरका." नलू आत सरकते. बसमध्ये सीटांच्या जागी डबे रचलेत. खिडकीशी कोणीतरी पाठमोरी बसलीय, पोटावर हात ठेवून. नलूला तिचं तोंड पाहायचं नाही.

"बाई, उतरू या. माझं काम राह्यलंय घरी."

"कोनतं काम?"

नलूच्या हातात काहीतरी जड आहे, ते ती पदराखाली लपवते.

ऊन डोळ्यांवर येतं. गच्ची आहे. दोऱ्यांवर बाईंची लुगडी, खाली पसरलेल्या लुगड्यांवर कुरडया, आणि कठड्यापाशी ओळीनं पालथे घातलेले चार डबे, त्यांची चार झाकणं बाजूला. नलू उकिडवी बसून पुसते आहे. बाई डोक्यावर पदर घेऊन सावलीत उभ्या.

"पूस."

"पुसलं बाई."

"अजून पूस."

नलू पंचाचं कोरडं टोक धरून झाकण पुन्हा पुसते. वरून, खालून, कडेनं. पंचा ओला होतो. ती दुसरं टोक घेते, तेही ओलं होतं. ऊन रणरणतंय, कुरडया वाळून वाकड्या झाल्यात, आणि तिच्या हातातल्या झाकणातून पाणी यायचं थांबत नाही. कुठून येतंय तेही दिसत नाही. ती पुसत राहते, जोरानं, खांदे दुखेपर्यंत.

"एवढं तर मी केलं ना बाई! कढत पाण्यानं धुतले, उन्हात ठेवले, कोरा पंचा काढला. तुमी असत्या तर अजून काय केलं असतं?"

"मी हात लावून पाह्यलं असतं."

"मी बी लावला!"

"वरतून."

नलू झाकण खाली आपटते. अठ्ठावीस वर्षांत बाईंसमोर तिनं कधी काही आपटलं नव्हतं. "तुमी शिकवलं काऊन नाई मंग? दर साली मले उठवत होत्या तिथून. नलू, तू कैऱ्या पूस. नलू, तू सरक. मी काय तुमची वैरीन होती?"

बाई आता पलंगावर आडव्या आहेत, उशाला दोन उशा, आणि खिडकीतून दवाखान्याच्या अंगणातली बकाणीची झाडं दिसतायत. वॉर्डात फिनाईलचा वास. स्टुलावर नलूनं आणलेला डबा, त्यात बिनमिठाचं वरण आणि मऊ भात. ही दुपार नलूला पाठ आहे. हिच्या पुढचं वाक्य तिला माहीत आहे, आणि ते येऊ नये म्हणून ती भराभरा भात कालवायला लागते.

"नलू, लोनच्याची एक फोड दे."

"खाऊन घ्या बाई. गरम हाय तोवर खा."

"खात नाई वं. नुसती चोखते. तोंडाले चवच नाई राह्यली."

त्या दिवशी नलू म्हणाली होती, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना बाई, बऱ्या व्हा, मग अख्खी बरणी तुमच्या पुढ्यात ठेवते. बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. चार दिवसांनी बाई गेल्या आणि नलू त्यांचं सामान पिशवीत भरत होती, तेव्हा तो जेवणाचा डबा तसाच मिळाला.

पण आता नलू ते वाक्य बोलणार नाही. "देते," ती म्हणते. "देते बाई, थांबा." तिच्या मांडीवर तो गोल डबा आहे. ती पहिला खटका उघडते. टक्. दुसरा. टक्. तिसरा, चौथा. पाचवा. तिला वाटतं चारच होते. सहावा. ती डबा फिरवत जाते आणि खटके येतच राहतात. नख तुटतं. बाई वाट पाहतायत, हात पुढे करून, तळहात वर. त्यांच्या तळहातावर काहीच नाही. बाहेर बसचा हॉर्न वाजतो.

"थांबा हं बाई. निंगते आता. एक मिनिट."

झाकण सुटत नाही. नलू ते दातांत धरते.

"राहू दे," बाई म्हणतात.

"नाई! राहू दे काय? त्या दिवशी बी असंच राहू दिलं मी." आणि नलूला रडू फुटतं, मोठ्यानं, लहान पोरीसारखं, वॉर्डात सगळ्यांसमोर. "एक फोड मागितली तुमी अन् मी मिठाचं कारन सांगितलं. अन् जे राखून ठेवलं ते सारं नासवलं. बाई, बुरशी आली त्याले. मी मोनालीले काय सांगू?"

बाई पुढे केलेला हात मागे घेतात.

"तवा मले लय राग आला होता तुहा," त्या म्हणतात.

नलू डोळे पुसते. हेच तिला इतके महिने ऐकायचं होतं आणि हेच ऐकायची भीती होती. "मरतानी बी होता?"

"मरतानी कोनाले लोनचं आठवते, येडी!" बाई हसतात. त्यांचं ते खोकल्यासारखं हसू. मग हसता हसता थांबतात. "पन ते चार दिवस आठवलं. खोटं काऊन बोलू?"

नलू मान खाली घालते.

"ते जाऊ दे आता. मले एक सांग." बाई पलंगावर उठून बसतात आणि त्यांच्या आवाजात रोजची धार येते. "तेल काऊन निथळवलंस तू?"

"अं?"

"लोनच्यावरचं तेल. चार बोटं तेल होतं वरती. फोडी कोरड्या कोरड्या भरल्या अन् तेल कुठी टाकलं?"

"झाकनाचं रबर ओशट होईन म्हनून."

"रबर ओशट होईन म्हनून!" बाई कपाळावर हात मारतात. शेजारच्या खाटांवरच्या बायाही हसतात. "मंग ते तेल गेलं कुठी?"

"बरनीतच हाय. मले फेकवलं नाई. फडकं बांधून ठेवलं."

"अन् बरनी?"

बरणी बाईंच्या मांडीवर आहे, दोन्ही हातांनी धरलेली, आणि नलूच्या पदराखाली जे जड होतं ते आता सगळ्यांना दिसतंय. वरवंटा. मोरीतलं पाणी वॉर्डाच्या फरशीवरून वाहत तिच्या पायांशी आलंय. हॉर्न पुन्हा वाजतो, या वेळी अगदी दाराशी.

"मांजरीचं नाव घेशीन?" बाई विचारतात.

"दुसरं काय करू? तुमीच सांगा."

"माही पोर हाय ते. तुही बी हाय."

"म्हनून तर भेव वाटते!"

बाई बरणी खाली ठेवतात. नलूच्या मांडीवरून डबा उचलतात आणि एका हिसक्यात झाकण काढतात. खटके चारच आहेत. झाकण उताणं करून त्या अंगठ्याचं नख रिंगेखाली खुपसतात आणि घेवड्याच्या शेंगेची शीर काढावी तशी रिंग ओढून काढतात, सबंध, एका दमात. खाचेत पाणी आहे. श्रावणातलं, सहा महिन्यांपूर्वीचं पाणी, अजून तसंच.

नलू पाहत राहते. "हे निंगते?"

"कुकरची रिंग रोज काढून धुते अन् म्हने हे निंगते!" बाई झाकण तिरकं करतात. एक थेंब नलूच्या मनगटावर पडतो, मग दुसरा. बर्फासारखे गार. "डब्याचा काई दोष नाई. पान्यानं घात केला. अन् तेल नव्हतं अंगावर."

मग त्या नलूचा हात ओढतात, लग्नात चुडा भरताना कासार ओढतो तसा, दुखेल इतका. रिंग तिच्या बोटांवरून चढवतात, एक पीळ देऊन दुसरा वेढा घालतात. रिंग मनगटावर घट्ट बसते.

"पयले आत पाह्य," बाई म्हणतात. "मंग फोडजो."

"कशात पाहू? बाई? कशात?"

पण बाई बसमध्ये चढल्यात आणि कंडक्टरनं दार लावून घेतलंय. टक्.

टक्. पंखा.

नलू उठून बसते. गाल ओले आहेत, आणि चटईचे वळ दंडावर उमटलेत. घड्याळात पावणेपाच. आधी तिला वाटतं, मनगट झोपेत अंगाखाली आलं म्हणून बधिर झालंय. मग ती खाली पाहते.

मनगटावर रिंग आहे. पांढऱ्या रबराची, दोन वेढे दिलेली, हिरव्या बांगड्यांच्या मागे.

ती तशीच बसून राहते. मग उठते आणि ओट्याशी जाते. चारी डबे जिथल्या तिथे, चारींचेही खटके लागलेले. तीन झाकणांच्या कडेला पांढरी रेघ दिसतेय. चौथ्याला नाही. ती त्या डब्याचे खटके उघडते. चारच. आतून आंबूस वास येतो आणि वरची बुरशी आता उघड्या डोळ्यांनी दिसते. ती तोंड फिरवत नाही. झाकण उताणं करते. जिथे रिंग असायची त्या खाचेत बोट फिरवते आणि बोट उजेडात धरते. ओलं आहे.

झोपेत आपणच उठलो असू, तिला वाटतं. झोपेत माणसं काय काय करतात. पण ही रिंग निघते, हेच तिला दुपारी अडीच वाजेपर्यंत माहीत नव्हतं.

पयले आत पाह्य.

ती मोरीशी जाते. वरवंटा पायानं बाजूला सारते आणि बरणीच्या तोंडाचं फडकं सोडते. गाठ सुटताच वास येतो. हिंग, मेथी, मोहरी, आणि त्याखाली आंबट कैरी. नासका नव्हे, मुरलेला वास. ती वाकून पाहते. आत नुसतं काळं तेल दिसतं, खोल, त्यात तिचं स्वतःचं तोंड. त्या दिवशीही तिनं एवढंच पाहिलं होतं. पळी बुडवली की तेलच येई, आणि डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता तिला वाटलं होतं, संपल्या फोडी. पळीचा दांडा तळापर्यंत पोचतच नव्हता, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

ती हात साबणानं धुते. पुसते. पुन्हा पुसते. बांगड्या आणि रिंग वर कोपराकडे सरकवते. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून पंचा फिरवते, आणि मग गॅस पेटवून हात दुरून शेकते, ओल म्हणून राहू नये यासाठी. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती बाईंच्या बरणीत हात घालते. मनगट बुडतं. मग अर्धा हात. तेल गार आहे आणि दाट. कोपर बरणीच्या काठाला टेकतं तेव्हा बोटांना काहीतरी लागतं. मऊ, पण लिबलिबीत नाही. साल अजून घट्ट. एक फोड. तिच्या शेजारी आणखी. हात फिरवावा तिकडे फोडी, तळाशी एकावर एक निवांत बसलेल्या, अंगावर वीतभर तेल घेऊन.

सकाळपासून ती हेच फोडायला निघाली होती. नलू मोरीच्या कठड्यावर बसते, एक हात बरणीत तसाच ठेवून. तिला हसूही येतं आणि रडूही, आणि दोन्हीत काही फरक राहत नाही.

मग ती एक फोड काढते, वाटीत ठेवते. मीठ-तिखटासकट, तेल निथळू न देता. ओट्यापाशी पाट मांडते आणि वाटी त्याच्यासमोर ठेवते. पाटावर कोणी नाही. तरी ती थोडा वेळ थांबते, एका माणसाला एक फोड चोखायला लागेल तेवढा.

फाटक वाजतं. नलू चार डब्यांकडे पाहते. ते पटकन खाली सारता येतील, अजून वेळ आहे. ती त्यांना हात लावत नाही. वरवंटाही तिथेच पडलेला असतो, जिथून लपवायला हवा होता.

"काकू?" मोनाली दारातून आत येते. पिशवी खाली ठेवते, एक हात कमरेवर, आणि मान वर करून वास घेते. तिचे डोळे भरून येतात. मग तिचं लक्ष काकूच्या तेलानं लाल झालेल्या हाताकडे जातं, आणि कोपराजवळच्या त्या पांढऱ्या वेढ्याकडे.

"काकू, हे काय घातलं हातात?"

"तुह्या आईनं घातलं," नलू म्हणते. "बस. माह्या हातून एक मोठी चूक झाली, ते सारं सांगते तुले. पयले हात धू. अन् नीट कोरडे पूस."